खाडीपलीकडचा झिरा

बोरगाव मेघे, वर्धा
१७ सप्टेंबर १९७८

ती. चंद्रभानदादास साष्टांग नमस्कार.

तुझी चार पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत आणि माझं एकही तुझ्याकडे पोचलेलं नाही. शाळा, चाचणी परीक्षा, ह्यांचा ताप अशी कारणं देता येतील, पण ती खरी नाहीत. तुला काय उत्तर द्यावं तेच मला कळत नव्हतं, आणि कळत नसताना लिहायला बसले असते तर काहीतरी गोडगोड लिहून मोकळी झाले असते. त्यापेक्षा गप्प राहिले. तेही बरोबर नव्हतं. माफ कर.

एक गोष्ट आधी सांगून टाकते. तुझी पत्रं मी एकटी वाचत नाही. अन्नपूर्णावहिनी महिन्यातून एकदा त्यांच्या आईला घेऊन तळेगावहून सेवाग्रामच्या दवाखान्यात येतात आणि मुक्काम माझ्याकडे करतात. जेवणं उरकली की भिंतीला टेकून बसतात आणि म्हणतात, "वाचा बरं तुमच्या भावाचा समुद्र."

मी वाचते. तुझे कडे, तुझी करवंदाची जाळी, उतारावरून घसरलास ते, सगळं वाचते. मागच्या वेळी ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तळेगावात वावरात जायले ज्याले बैलबंडी लागे, थो माणूस आता डोंगर चढून राह्यला म्हणे. अन् मले काय लिहिते? प्रकृती ठीक, तूर कशी आहे. बस." मग पान लावायला घेतलं. आणि ते खरं आहे. बहिणीला आठ पानं आणि बायकोला पोस्टकार्ड, हे कसं काय, दादा?

आता माझं. तुझं तिसरं पत्र आल्यापासून मी सकाळी चालायला लागले आहे. आधी सेवाग्रामच्या रस्त्याला थोडंसं, मग वाढवत नेलं, आणि गेल्या रविवारी थेट पवनारला धाम नदीपर्यंत जाऊन आले. रस्त्यात ओळखीचे लोक थांबवून विचारतात, "बाई, सायकल पंक्चर झाली का?" चव्वेचाळीस वर्षांची बाई कामाशिवाय चालते हे त्यांना पटत नाही. पहिल्या दिवशी मलाही पटलं नव्हतं. नदीवर पोचले तेव्हा मात्र इतका आनंद झाला की कोणाला सांगू असं झालं, म्हणून तुला सांगते आहे.

आणि आता तो प्रश्न, ज्याच्यामुळे हे पत्र अडलं होतं. तुझी कोकणातली तीन वर्षं संपत आली. तू परत येणार आहेस की नाही? वहिनी हे मला विचारतात, तुला विचारत नाहीत.

माझ्या रोजनिशीत मी रोज शेवटी उद्याचं एकच काम लिहून ठेवते. तीच सवय इथंही. उद्याचं काम: हे पत्र पेटीत टाकणं, पिशवीतून परत घरी न आणणं.

तुझी
कोकिळा


सोनवेळ, जि. रत्नागिरी
२८ सप्टेंबर १९७८

चि. सौ. कोकिळास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने मला सड्यावर आणून दिलं. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, सगळा काळा कातळ. मी तिथं साखळी टाकून मोजणी करत होतो. आपल्याकडे सपाट म्हणजे वावर. इथं सपाट म्हणजे इतकं उंच की टोकाला उभं राहिलं तर घारीची पाठ दिसते. आणि या दिवसांत तो काळा कातळ जांभळ्या फुलांनी असा भरतो की पाय कुठं टाकावा कळत नाही. मी साखळी गुंडाळली आणि मोजणी दुसऱ्या दिवसावर ढकलली. नोकरीत असं प्रथमच केलं.

तू पवनारपर्यंत चाललीस हे वाचून मी गड्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आता तुला खरी वाट दाखवायची आहे. देवळामागून सड्यावर चढायचं, काजूच्या बनातून खाली उतरायचं, मग खाडीचं तोंड. ओहोटीला ते पायी ओलांडता येतं, घोट्याएवढं पाणी. पलीकडे पांढरी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि पुळणीच्या शेवटी समुद्रात घुसलेला डोंगर. त्याच्या टोकाला एक पडका बुरूज आहे. तिथं बसलं की तिन्ही बाजूंनी समुद्र. मी दर रविवारी जातो. एकटाच जातो, आणि दर वेळी वाटतं की हे एकट्यानं पाहणं म्हणजे चोरून खाणं आहे.

अन्नपूर्णेला मी हे का लिहीत नाही? लिहायला बसतो, कोकिळा. पण तिनं माझ्यामागं एकटीनं वावर सांभाळलं आहे. निंदणाला बाया मिळेनात म्हणून ती हैराण, आणि मी तिला फुलांचं लिहू? हात धजत नाही. मग तूर विचारतो.

आता तुझा प्रश्न. कचेरीनं लेखी विचारलं आहे: कोकणात कायम राहणार की आपल्या भागात परत जाणार. नोव्हेंबर संपायच्या आत लिहून द्यायचं, आणि एकदा दिलं की फिरवता येत नाही. मला राहायचं आहे. पहिल्यांदाच कुठंतरी मला राहायचं आहे. पण अन्नपूर्णा नाही म्हणाली तर मी परत येईन, आणि तोंड वाकडं न करता येईन.

हे तिला सांगू नकोस. नुसतं तिला दिवाळीत घेऊन ये. एकदा त्या बुरुजावर बसू दे, मग मी स्वतः विचारीन.

तुझा
चंद्रभान


बोरगाव मेघे
९ ऑक्टोबर १९७८

ती. दादास साष्टांग नमस्कार.

तू सांगू नकोस म्हणालास. मी सांगितलं.

दोन दिवस विचार केला. वहिनींना सहल म्हणून न्यायचं आणि तिथं त्यांची परीक्षा घ्यायची, हे मला जमेना. त्यांना न कळता मी त्यांना तुझ्या बाजूला ढकलते आहे असं वाटत राहिलं. कदाचित मी तुझा विश्वास मोडला. कदाचित तू मला चुकीचं काम सांगितलं होतंस. दोन्ही खरं असू शकतं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले समुद्र कायले दाखवता? आमच्या धुऱ्या-बांधावर उभं राह्यलं तं तुरीचाबी समुद्रच दिसते."

मी म्हटलं, मग येत नाही असं कळवू का?

"येत नाई कुठी म्हटलं? येतो. पण चालायचं तं माह्या रीतीनं. मी यात्रेच्या पोह्यासंगं चारदा महादेवाले गेली आहो, पचमढीचे डोंगर चढली आहो. तुमचा भाऊ मले चालणं शिकवन का?"

रीत अशी: जो सगळ्यात हळू, तो पुढं. बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचं. पोह्यात, त्या चालत्या जथ्यात, मागं राहिलेला माणूस डोंगरात हरवतो, म्हणून. दुसरं, तिकडच्या हॉटेलातलं काही खाणार नाहीत, भाकऱ्या आणि ठेचा बरोबर आणणार. तिसरं, पाण्याची चिंता करू नकोस म्हणाल्या, तांब्याभर घेऊ, कमी पडलं तर रेती उकरून झिरा काढू. मी म्हटलं, वहिनी, ती समुद्राची रेती आहे. त्या म्हणाल्या, "रेती ते रेती."

भाऊबीज प्रवासात जाईल. ओवाळीन दोन दिवस उशिरा, तेवढं चालवून घे.

मी रोज आनंदानं कॅलेंडर बघते आणि मग स्वतःला विचारते, ज्या प्रवासात दोन माणसांचं काहीतरी ठरणार आहे त्याचा मला इतका आनंद का व्हावा. पण विचारून आनंद काही कमी झाला नाही.

उद्याचं काम: वहिनींच्या तिकिटाचं विचारायला स्टेशनवर जाणं.

तुझी
कोकिळा


सोनवेळ
१८ ऑक्टोबर १९७८

चि. कोकिळा,

रागावलो होतो. सड्यावर एक फेरी मारून आलो, राग गेला. बरं केलंस.

तिच्या सगळ्या अटी मान्य. रविवारी निघू. खोली झाडून घेतली आहे, शेजारच्यांकडून एक खाट मागून आणली आहे, आणि रोज संध्याकाळी तिच्याशी काय बोलायचं याची उजळणी करतो. एकवीस वर्षांच्या संसारानंतर माणसाला उजळणी लागावी, हस खुशाल.

चंद्रभान


बोरगाव मेघे
१४ नोव्हेंबर १९७८

ती. दादास साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. शाळा सुरू झाली. वर्गात फळ्याकडे वळले की मला सड्याचा उतार दिसतो. काल मुलींना भूगोलात किनारपट्टी शिकवताना मी इतकी बोलत सुटले की तास संपल्याची घंटा कोणीच ऐकली नाही.

त्या रविवारचं तुला लिहिते आहे. तू तिथं होतास हे मला माहीत आहे. पण मी माझ्या वहीत जे लिहिलं ते तुझ्या आठवणीशी जुळतं का, हे मला पाहायचं आहे. कारण त्यात माझी चूक किती, हे मला ठरवता येत नाही.

सकाळी देवळामागून निघालो. सगळ्यात हळू मी, म्हणून पुढं मी. बिचारा तू. वाट तुझी, आणि तुला सगळ्यात मागं चालायचं. मी दर दहा पावलांवर थांबत होते. ते लालभडक चतुर, खडकाच्या खळग्यात साचलेलं पाणी, त्यात हललेला बेडूक. मागून तू दोनदा म्हणालास, "जरा उचला पाय," आणि वहिनी म्हणाल्या, "पुढच्याले हाकलायचं नसते. बैल आहे का थे?" मी हसले आणि आणखीच थांबले. ही एक चूक.

खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा रुंद कोरडी वाळू आणि मधून पाण्याची एक बारीक धार. अगदी उन्हाळ्यातली आपली नदी. वहिनी खाली बसल्या, चपला काढल्या, त्यावर फिरकीचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "कायले ओझं वागवता? येतानी घेऊ." मीही माझ्या चपला तिथंच ठेवल्या. आपण नदीपलीकडच्या वावरात जाताना असंच करतो. आपल्याकडे रेती कोरडी दिसली म्हणजे ती आषाढापर्यंत कोरडीच. ही रेती संध्याकाळपर्यंतसुद्धा कोरडी राहणार नाही, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. तू पुढं होऊन पाणी किती ते बघत होतास. वळलास तेव्हा आम्ही अनवाणी होतो, आणि पाण्यातून जायचं म्हटल्यावर अनवाणी असणारच, म्हणून तू काही विचारलं नाहीस.

मग बुरूज. दादा, त्याबद्दल मी आठ पानं लिहू शकते, पण वहिनींनी तुझी बाटली रिकामी करून, पदरानं तोंड पुसून, तिन्ही बाजूंना बघितलं आणि जे म्हटलं त्यापुढं माझं काही नको. "इकडून तिकडं कोणाचाच धुरा नाई, बांध नाई. इथं तुमची मोजणी काय कामाची हो?" तू इतका हसलास की ठेचा नाकात गेला. त्या क्षणी मला खात्री वाटली की सगळं ठरलं. तू विचारणार, त्या हो म्हणणार.

पण तू विचारलं नाहीस. आणि आम्ही परत आलो तर खाडी भरलेली. काठोकाठ. मला अजून आठवतं, वहिनी आकाशाकडे बघून म्हणाल्या, "वरते कुठी पाणी पडलं?" ढगाचा पत्ता नव्हता. तू मटकन वाळूवर बसलास. भरतीची वेळ तुला तोंडपाठ, पण त्या दिवशी तू उजळणी दुसऱ्याच गोष्टीची करत होतास. होडीवाला दिवाळीसाठी सासुरवाडीला गेलेला. चपला गेल्या, तांब्या गेला, पोटात ठेचा, घोटभर पाणी नाही, आणि ओहोटी लागेपर्यंत तिथंच बसून राहायचं.

तू तोंड झाकून म्हणत होतास, "माझी चूक झाली, माझी चूक झाली." वहिनी ऐकत नव्हत्या. त्या रेती उकरत होत्या.

पहिला झिरा पाण्याजवळ काढला. ओंजळ तोंडात घेतली आणि थुंकल्या. तू म्हणालास, "अगं, समुद्र आहे तो." त्या उठल्या, पार वर कड्याच्या बुडाशी गेल्या, जिथं जरासं हिरवं गवत होतं, तिथं गुडघे टेकले, हात जोडून एक क्षण डोळे मिटले आणि कोपरापर्यंत खणलं. पाणी झिरपायला लागलं. गढूळ. ते उपसून टाकलं. परत भरलं, परत उपसलं. मग निवळ आलं. त्यांनी चव घेतली आणि ओंजळ तुझ्यासमोर धरली.

तू प्यालास तेव्हाचा तुझा चेहरा. आमरण विसरणार नाही. मी पालथी पडून गुरासारखं तोंड लावून प्याले. चव्वेचाळीस वर्षांची मास्तरीण, लुगडं वाळूनं भरलेलं. इतकं गोड पाणी मी कधी प्याले नाही, आणि हे लिहिताना मला शंका येते की ते खरंच गोड होतं की तहान मोठी होती. पण वहीत "गोड" असंच लिहिलं आहे.

आता अवघड भाग. त्यानंतर वहिनी बोलल्या नाहीत. ओहोटीत खाडी ओलांडताना नाही, तुझ्या खोलीवर नाही, दुसऱ्या दिवशी तू "राहशील का इथं?" असं विचारलंस तेव्हाही नाही. "मंग सांगतो" एवढंच. मुंबईत मी त्यांना चपला घ्यायला लागले तर नको म्हणून मान हलवली. बडनेरा येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होत्या. वर्ध्याच्या फलाटावरून अनवाणी उतरल्या आणि अनवाणीच तळेगावच्या गाडीत बसल्या.

तू मला खरं लिही म्हणाला होतास. मला वाटतं त्या रागावल्या आहेत. तिथं न्यायचं, पाण्यावाचून बसवायचं, आणि मग तिथंच राहा म्हणायचं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता. मी इतकी रेंगाळले नसते तर आपण वेळेत परतलो असतो. हे मी स्वतःला रोज सांगते.

उद्याचं काम: वहिनींसाठी चपला घेणं. माप माहीत नाही.

तुझी
कोकिळा


सोनवेळ
२० नोव्हेंबर १९७८

चि. कोकिळास आशीर्वाद.

तुझी वही बरोबर आहे. फक्त बेडूक दोन होते.

तू रेंगाळलीस म्हणून तुला दोष देता येत नाही. मला तर वाटत होतं तू आणखी रेंगाळावंस. मी बुरुजावर विचारायला हवं होतं. ती हसत होती तेव्हा. घाबरलो.

तू गेल्यापासून मी रोज संध्याकाळी ओहोटी बघून पलीकडे जातो. झिरा वाळू ढासळून बुजून जातो. मी परत खणतो, पाणी परत गोड लागतं. खरंच गोड आहे, ती तुझी तहान नव्हती. तीन वर्षं मी त्या गवतावरून चालत गेलो आणि प्यायचं पाणी घरून खांद्यावर नेलं. गावातल्यांना दाखवलं तर एकजण म्हणाला, "डोंगराचं पाणी ते, असणारच. पण इथं खणायचं कुणाच्या डोक्यात येणार?" मी म्हटलं, आमच्या तळेगावच्या.

तिची एक चप्पल परत आली आहे. डावी. पुळणीवर शेवाळात पडली होती. धुऊन खिडकीत ठेवली आहे.

कोकिळा, मी ठरवलं आहे. तू लिहिलंस त्यावर मी दोन दिवस विचार केला. तिचा राग मी ओळखतो. ती भांडली तर काही नाही, गप्प बसली तर मोठं. एकवीस वर्षांत ती माझ्याशी दोनदाच गप्प बसली आणि दोन्ही वेळा चूक माझी होती. ३० तारखेला गुरुवारी मी रत्नागिरीला जाऊन "परत जातो" असं लिहून देणार. पोस्टानं पाठवणार नाही, नाहीतर वाटेत मन बदलेल. तिला आत्ता काही सांगू नकोस. मी येऊन दारात उभा राहीन.

वाईट वाटून घेऊ नकोस. ती वाट मी पाहिली, तुम्हालाही दाखवली. पुष्कळ झालं.

चंद्रभान


तळेगाव (श्यामजी पंत)
२८ नोव्हेंबर १९७८

कोकिळाबाईस अन्नपूर्णाचा नमस्कार.

तुमचे शेजारी पुंडलिकराव गाडीनं आले अन् तुमची चिठ्ठी देली. थे चहा पीत बसले आहे, म्हून लौकर लिहितो. तुमी विचारलं का वहिनी तुमी रागावल्या का. मी चिठ्ठी दोनदा वाचली अन् हसूच आलं. मी काऊन रागावू? अशी दिवाळी माह्या जन्मात नाई झाली. इथं बायायले सांगतो का समुद्राच्या रेतीत गोड पाणी काहाडलं, तं कोणी मानत नाई. म्हणते, वहिनीले ऊन लागलं.

तुमी शिकलेल्या बाया, पण आपली रीत विसरल्या. अवो, मी नवस बोललीती. झिरा काहाडतानी डोये मिटले थे तुमी पाह्यलं नाई का? मी महादेवाले म्हटलं, बापा, हे पाणी खारं लागलं तं मी ह्यायले घेऊन घरी जातो, अन् गोड लागलं तं मी इथं येऊन राह्यतो. अन् गोड लागलं तं घरच्या महादेवापाशी नारळ फोडेपर्यंत पायात चपला घालणार नाई. आता नवस फेडेपर्यंत तोंडातून काहाडता येते का? सांगतला तं बाटला. तुमचे भाऊ "राहशील का" म्हणून विचारून राह्यले, माह्या तोंडात उत्तर तयार, अन् बोलता येत नाई. मी जीभ चावून बसली. बडनेऱ्यापर्यंत खिडकीतून कायले पाहून राह्यली होती? तुमच्याकडे पाह्यलं असतं तं बोलून टाकलं असतं.

इथं आली तं आईले ताप. मंदिर राहून गेलं. काल सोमवार होता, नारळ फोडला, चपला घातल्या. आजच तुमाले लिहिणार होती, त्याच्या आंदी तुमची चिठ्ठी आली.

आता आयका. नवस बोलतानी मी बारा महिने राह्यतो असं नाई म्हटलं. महादेवाले वावर समजते. तूर घरात आली का मी तिकडं जातो, मिरगापर्यंत राह्यतो. पेरणीले तुमच्या भावानं रजा घेऊन इकडं यावं, मंग दिवाळीले मी परत जाईन. मधात शेजारचा भैय्याजी वावर पाह्यते म्हणाला. तुमच्या भावाले सांगजा, परतीचं काही लिहून देऊ नका. अन् मलेबी एखांदवेळी लंबं पत्र लिहा म्हणा. फुलाचं लिहिलं तं मी काय खाऊन टाकणार आहो का?

डावी चप्पल सापडली म्हणता तं ठेवून द्या म्हणा. उजवी मी येऊन पाह्यतो.

तुमची
अन्नपूर्णा


बोरगाव मेघे
२८ नोव्हेंबर १९७८, संध्याकाळ

ती. दादास साष्टांग नमस्कार.

वहिनींचं पत्र सोबत ठेवलं आहे. आधी ते वाच, मग माझं. तुझं पत्र मिळाल्यावर मी तू सांगितलेलं परत मोडलं आणि पुंडलिकरावांबरोबर त्यांना चिठ्ठी पाठवली. तुझा निर्णय त्यांना सांगितला नाही, एवढंच पाळलं. फक्त विचारलं, रागावलात का. चपलेचं मात्र लिहिल्यावाचून राहवलं नाही. हे चौदा तारखेच्या आधी विचारलं असतं तर तुझे आठ दिवस वाचले असते. मी त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला आणि तो खरं म्हणून तुला लिहून पाठवला. त्यांचे मिटलेले डोळे मी पाहिले होते, वहीत लिहिलेही होते. जोडलेले हात, अनवाणी पाय, मौन. आपली आई असती तर स्टेशनवरच ओळखून बाजूला झाली असती.

पुंडलिकराव आत्ता दिवेलागणीला हे पत्र घेऊन आले. मी ते उभ्यानं वाचलं, ह्यांना वाचून दाखवलं, आणि मग अंगणात दोन फेऱ्या मारल्या, कारण बसवेना. हे म्हणाले, "आता रात्रीच कोकणात चालत निघू नकोस." निघाले असते. आज मला काहीही चालता येईल असं वाटतं.

मार्चमध्ये वहिनींना पोचवायला मी येणार आहे, परीक्षा संपल्या की. त्यांनी इथल्या आणखी दोघी-तिघींना बरोबर घ्यायचं ठरवलं आहे असं पुंडलिकराव सांगत होते, झिरा दाखवायला. म्हणजे तुझ्या खाडीवर आमचा पोहाच येतो म्हण. सगळ्यात हळू मीच असेन, तेव्हा पुढं मी. तू मागून चाल आणि कुरकुर करू नकोस. फक्त निघायच्या आधी भरती बघ.

पण हे पत्र तुला पोचेल तेव्हा गुरुवार होऊन गेला असेल. म्हणून याच्यावर मी विसंबत नाही. आज तारघर बंद झालं आहे, मी जाऊन पाहून आले, कडी वाजवूनही पाहिली. तारेतला मजकूर लिहून ठेवला आहे, खाडाखोड करून चारदा. आधी खूप कारणं लिहिली होती, सगळी काढली. आता एवढाच उरला: "झिरा गोड. अन्नपूर्णा येते. परतीचं लिहून देऊ नको."

उद्याचं काम: तारघर उघडायच्या आधी दारात उभं असणं.

तुझी
कोकिळा